दुसऱ्या पुलाजवळची खूण

मंगळवारी सकाळी आठ वाजून गेले होते. लेसोंग नदीवरच्या दुसऱ्या झुलत्या पुलापाशी उदिंगला आपण रोवलेल्या खुणेवर दुसऱ्या कुणाच्या तरी कोयत्याची खाच दिसली.

खूण तिनं आदल्या दिवशी रोवली होती. कमरेइतकी ताजी काठी, नदीच्या वरच्या अंगाला कललेली. टोकाला चीर पाडून तिच्यात सारख्या लांबीच्या दोन काड्या खोचलेल्या. त्याखाली घडी घातलेलं एक रुंद पान. काठी जिकडे कलते तिकडे माणसं गेली. घडीचं पान म्हणजे पोटात काही नाही. दोन सारख्या काड्या म्हणजे आम्ही तुझीच माणसं, आमचं मन एक आहे, मागून ये. आम्ही पेनान, रानात फिरणारी माणसं, हे सगळं चालता चालता वाचतो.

आता पान नव्हतं, कुणीतरी काढून नेलं होतं. त्याच्या जागी काठीला नवी खाच होती आणि खाचेत टोक काढलेली तिसरी काडी, नदीच्या वरच्याच अंगाला रोखलेली. तिचा अर्थ सरळ होता. पाहिलं, खाणं घेऊन येतोय.

खाच डाव्या हाताची होती. सालीचा पदर तोडून न टाकता लोंबता ठेवलेला होता. अशी खाच मारणारा एकच माणूस उदिंगला माहीत होता. तिचा बाप.

उदिंग राष्ट्रीय उद्यानात गाइड आहे. वस्तीजवळच्या धक्क्यावर पाहुणे उतरले की त्यांना घेऊन ती धबधब्यापर्यंत जाते आणि परत आणते. वाटेत दुसऱ्या पुलापाशी ती एक खूण रोवून दाखवते. ही खूण तिनं निवडली, कारण एका काठीत तीन गोष्टी सांगून होतात आणि दोन काड्यांचा अर्थ ऐकून पाहुणे खूश होतात. काठी वरच्या खोऱ्याकडे कलती ठेवते, कारण त्या बाजूला नदीचं वळण आहे आणि फोटो चांगला येतो. सगळ्यांचे फोटो काढून झाले की काठी उपटायची, मोडायची, नदीत टाकायची. हे ती कधी चुकली नव्हती.

सोमवारी चुकली. खूण दाखवत असतानाच पावसाची जोराची सर आली. एक पाहुणा पुलाच्या फळीवरून घसरला, त्याचा घोटा मुरगळला. त्याला खांद्याचा आधार देऊन खाली आणण्याच्या गडबडीत काठी तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत पाऊस कोसळत होता. वाटेवरची सगळी पावलं धुऊन निघाली. राहिली फक्त काठी.

आमच्यात कुणी खोटी खूण रोवत नाही. तसा कुणी कायदा केलेला नाही, कारण असं कुणी करील हेच कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

उदिंगच्या बापाचं नाव मेगुट. वस्तीत त्याला तामेन उदिंग म्हणतात, म्हणजे उदिंगचा बाप. तो स्वतः वस्तीत राहत नाही. डोंगराच्या पलीकडे अजून घरं न बांधलेली थोडी कुटुंबं आहेत, त्यांच्याबरोबर तो रानात फिरतो. चार वर्षांपूर्वी वरच्या खोऱ्यात तेपेन ओढ्याकाठी त्याची बायको, उदिंगची आई, तापानं गेली. तिला तिथंच पुरलं. तेव्हापासून तिला ‘तेपेनची’ म्हणतात, कारण गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. त्या जागेकडे पाऊलही वळवत नाही. तळ उठवला, सगळे निघाले. त्याच वाटेवर उदिंगनं बापाला सांगितलं की मी लेकीला घेऊन खाली वस्तीत जाते, तिथं शाळा आहे, दवाखाना आहे.

बाप म्हणाला, “जा. पण मग मला हाक मारू नकोस.”

तिनं मारली नाही. त्यानंही मारली नाही. आणि आता पुलापाशी तिच्या हातची, बापाला कापावरून ओळखू येणारी खूण सांगत होती, की उदिंग उपाशी आहे, तेपेनच्या बाजूला गेली आहे आणि बापाला हाक मारते आहे.

तो निघालाही होता.

“उभी काय राहिलीस खांबासारखी? पाहुणे वर यायला लागलेत. एक बाई तर छत्री घेऊन आलीय, रानात!”

ही तिनेन सुती, म्हणजे सुतीची आई, उदिंगची मावशी. पहिल्या पुलाजवळच्या शेडमध्ये ती वेताच्या टोपल्या विकते.

“मावशी, हे बघ.”

मावशीनं टोपल्यांची चळत खाली ठेवली. काठीभोवती एक फेरी मारली. हात लावला नाही.

“त्याचाच हात,” ती म्हणाली. “म्हातारा अजून साल लोंबतीच ठेवतो. माझी बहीण किती सांगायची त्याला, नीट काप म्हणून. ऐकेल तर शपथ.” मग तिनं पुढचं वाचलं आणि तिचा आवाज उतरला. “तू हाक कशाला मारलीस त्याला?”

“मारली नाही. काल पाहुण्यांना दाखवत होते. काढायची राहिली.”

“राहिली,” मावशी म्हणाली. “चुलीवरचा भात लागला, तसं सांगतेस.”

तेवढ्यात पाहुणे येऊन पोचले. छत्रीवाली बाई पुढं होती. तिचं नाव मार्गिट, नॉर्वेची निवृत्त नर्स. उदिंगचा चेहरा बघून तिनं काय झालं म्हणून विचारलं. उदिंगनं सांगितलं. मार्गिटनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमचे वडील याच वाटेनं परत येतील ना? मग इथं काहीतरी लावून ठेवा. हे फक्त दाखवण्यासाठी होतं, असं.”

उदिंगनं ते मावशीला पेनानमध्ये सांगितलं.

“चांगली आहे बाई,” मावशी म्हणाली. “तिला म्हणावं, तो कागद वाचत नाही, काठी वाचतो. आणि काठीत ‘मघाचं खोटं होतं’ असं कसं सांगतात, तेवढं आम्हाला दाखव. मला तर माहीत नाही.”

उदिंगनं भाषांतर केलं. मार्गिटनं छत्री मिटली.

“मग तुम्ही काय करणार?” तिनं विचारलं.

पाहुण्यांना दुसऱ्या गाइडच्या हवाली करून उदिंग पुलाच्या दोराला टेकून उभी राहिली. मावशी टोपल्यांपाशी बसली.

“तो वर जाईल,” मावशी म्हणाली. “तिथं कुणी नसेल. मग खाली येईल आणि तुला विचारेल.”

“विचारू दे. सांगेन, चुकलं माझं.”

“एवढंच? अगं, तो तेपेनकडे निघालाय. जिकडे आपण कुणी बघतसुद्धा नाही, तिकडे. तू उपाशी आहेस म्हणून. पुढच्या वेळी वाटेवर काठी दिसली तर थांबेल तो? आणि त्याचं जाऊ दे. तो पलीकडच्यांना सांगेल, खालच्या लोकांच्या काठ्या आता नुसत्या शोभेच्या. मग रानात कुणाचं पोर आजारी पडलं आणि खूण रोवली, तर येणार कोण?”

उदिंगनं काठीकडे पाहिलं. मग वर, नदीच्या वळणाकडे.

“मी वर जाते,” ती म्हणाली. “उपाशी जाते.”

“म्हणजे?”

“काठी काय म्हणते? उदिंग वर गेली, पोटात काही नाही, मन एक आहे. तसंच करते. मग तिथं बसून त्याला सगळं सांगते, काल काय झालं ते. शिव्या घालू दे. पण समोरासमोर. तोवर काठी खोटी पडायला नको.”

मावशीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“सकाळी काय खाल्लंस?”

“नुसता चहा.”

“चहा चालतो,” मावशी म्हणाली. तिनं शेवटची टोपली चळतीतून काढली आणि काठीशेजारी उपडी घालून तिच्यावर बसली. “जा. मी इथंच बसते. नाहीतर एखादा फोटोवाला काठी उपटून बॅगेत घालायचा.”

वरचं खोरं पाहुण्यांसाठी बंद आहे. गेल्या पावसात तिथं दरड कोसळली, वाट तुटली. एकट्यानं जायला परवानगी नाही. म्हणून उदिंग वनरक्षकाच्या चौकीवर गेली. तिथं केबिंग होता. तो बेरावान जमातीचा, नदीच्या खालच्या अंगाला त्यांचं लांबघर आहे, एका छपराखाली सगळं गाव. केबिंगचं निवृत्तीचं वय जवळ आलंय आणि पेनान लोकांची चेष्टा करणं हा त्याचा जुना धंदा आहे. या वेळी मात्र त्यानं चेष्टा केली नाही. सगळं ऐकल्यावर त्यानं वायरलेसवरून कार्यालयाला कळवलं. उत्तर लवकर आलं. वनरक्षकाबरोबर जा, वायरलेस चालू ठेवा, उद्या अंधाराच्या आत परत या.

केबिंगनं बूट घातले, पाठीची पिशवी भरायला घेतली.

“पिशवीत काय आहे, काका?”

“दोरी, ताडपत्री, औषधं. बिस्किटाचे दोन पुडे.”

“पुडे राहू देत.”

“का?”

“मी उपाशी गेलेय, असं खूण म्हणते.”

“मग तू राहा की उपाशी. मी कुठं अडवलंय?”

“खुणेत दोन काड्या आहेत. ‘आम्ही’ म्हटलंय.”

केबिंगनं हातातले पुडे बघितले. “अगं, मी बेरावान. माझं आणि तुमचं मन एक झालं कधी? आमचे आजोबा तुमच्याशी व्यापार करायचे, तेव्हासुद्धा झालं नव्हतं.”

“आजपासून झालं. उद्या दुपारपर्यंत.”

“आमच्या लांबघरात हे कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत. पेनान बाईबरोबर गेला आणि भुकेनं वाळून आला म्हणतील.” असं म्हणत त्यानं एक पुडा टेबलावर ठेवला. दुसरा मात्र औषधांत कोंबला. “हा जखमी माणसासाठी. जखमी कोण होईल ते आत्ताच कसं सांगू?”

ते निघाले. पावसानंतरची वाट मऊ होती आणि तिच्यावर एकाच माणसाची पावलं होती. अनवाणी, अंगठा बाहेर फाकलेला, उजवा पाय किंचित ओढत टाकलेला. बाप उजवा पाय ओढतो, हे उदिंगला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी तो तसा चालत नव्हता. तिनं ते पाऊल दोनदा पाहिलं आणि चालीचा वेग वाढवला.

पहिल्या चढावर त्यांना राख सापडली. बाजूला पानांवर डुकराची आतडी, जळालेल्या केसांचा वास. मेगुटनं पहाटे एक लहान रानडुक्कर मारलं होतं, तिथंच भाजलं होतं आणि मांस बांधून घेतलं होतं. राखेच्या कडेला साबूच्या, म्हणजे रानमाडाच्या गाभ्याच्या, पिठाचा पांढरा डाग पडला होता. म्हणजे पीठही त्याच्याजवळ होतं.

“चांगलं तब्येतीत चाललंय म्हाताऱ्याचं,” केबिंग म्हणाला. “आपण उपाशी आणि तो डुक्कर घेऊन पुढं. जरा हळू चाल म्हणून काठी नव्हती का रोवायची?”

उदिंग हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

दुपार कलल्यावर ते दरडीपाशी पोचले. लाल मातीचा उघडा पट्टा डोंगरावरून थेट नदीत उतरला होता. अलीकडच्या कडेला मेगुटची दुसरी खूण होती. ही काठी कुठंच कलत नव्हती. सरळ उभी होती. तिच्या चिरेत दोन सारख्या काड्या होत्या, बाकी काही नाही.

उदिंग तिच्यासमोर उकिडवी बसली.

“काय म्हणतो?” केबिंगनं विचारलं.

“विचारतोय, कुठे आहात.” ती थोडी थांबली. “दरडीची माती ओली आहे. इथून कुणी गेलं असतं तर पाऊल इतकं खोल रुतलं असतं, की पाऊस पडूनही दिसलं असतं. त्याला दिसलं नाही.”

“मग परत फिरला असेल.”

“नाही. ते बघा.”

दरडीच्या वरच्या कडेनं, मुळांना धरत धरत, पावलं पलीकडे गेली होती. उजवा पाय ओढलेला.

“पाऊल दिसत नाही, तरी गेला?” केबिंग म्हणाला. “जन्म रानात गेला त्याचा. डुकराच्या पावलावरून त्यानं काय खाल्लं ते सांगतो म्हणतात. त्याला एवढं कळलं नाही, की पुढं कुणी गेलेलंच नाही?”

“कळलं असणार.”

“मग?”

“काठी म्हणते ना, मी गेले म्हणून.”

केबिंगनं टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा घातली.

उदिंगनं कोयता घेतला. बापाची सरळ काठी तिनं हलकेच वरच्या दिशेला कलती केली आणि तिला उजव्या हाताची एक खाच दिली. खाचेखाली एक घडीचं पान अडकवलं. त्या वेळेपर्यंत तिच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, त्यामुळे पान खोटं नव्हतं. केबिंगच्या पोटात दुपारचं काहीच नव्हतं. हे त्यानं दरड ओलांडताना अनेकदा सांगितलं.

तेपेन ओढ्यावर ते पोचले तेव्हा किड्यांची संध्याकाळची किरकिर सुरू झाली होती. ओढा रुंद नव्हता, गुडघाभर पाणी. अलीकडच्या वाळूत पाऊल होतं, पलीकडच्या चिखलातही होतं. मेगुट ओलांडून गेला होता.

उदिंग काठावर थांबली. वरच्या वळणाला जांभळ्या मुळांचं एक मोठं झाड होतं आणि ती त्या झाडाकडे बघत नव्हती. केबिंग इतकी वर्षं पेनान लोकांबरोबर काम करतोय, त्याला कारण माहीत होतं. त्यानं एका पुढं आलेल्या कातळाखाली ताडपत्री बांधली.

“उजेड गेला. सकाळी ओलांडू,” तो म्हणाला. “मी येऊ का पलीकडे, की नको?”

“या की. ‘आम्ही’ म्हटलंय.”

“मग बिस्किट?”

“नाही, काका.”

बुधवारी सकाळी चौकीवर केबिंगचा आवाज आला. त्या वेळी चौकीत दुसरा वनरक्षक, काठीची राखण एका गाइडवर सोपवून आलेली मावशी आणि मार्गिट होते. मार्गिटची बोट दुपारी होती, पण ती सकाळीच येऊन बसली होती. भाषेमुळे मावशीशी तिचं बोलणं होत नव्हतं, तरी दोघी एकाच बाकावर होत्या. टेबलावर ठेवलेला बिस्किटाचा पुडा त्यांनी अर्धा संपवला होता.

केबिंगनं सांगितलं ते असं. उजाडताच ओढा ओलांडला. उदिंग पुढं, तो मागं. झाडापाशी ती थांबली, पण वळली नाही. खाली बघत ओलांडून गेली. पुढं थोड्या चढावर एक ताजी झोपडी सापडली. चार खांब, पानांचं छप्पर, जमिनीपासून हातभर उंच वाशांचं बसणं, जसं पेनान लोक एका दिवसात उभारतात. चुलीत निखारे होते. छपराच्या वाशाला पानात गुंडाळलेलं मांस आणि बांबूच्या नळीत साबूची घट्ट पेज टांगलेली होती, मुंग्या लागू नयेत म्हणून. माणूस मात्र नव्हता.

“झोपडी किती मोठी?” मावशीनं वायरलेसला तोंड लावून ओरडून विचारलं.

“ओरडू नका, ऐकू येतंय,” केबिंग म्हणाला. “बसणं दोघांपुरतं आहे. एका बाजूला तो झोपलाय, पानं दबलीत. दुसऱ्या बाजूला नवी पानं अंथरलीत. तिथं कुणी झोपलेलं नाही.”

मावशी बाकावर जाऊन बसली. वनरक्षकानं पुढचं विचारलं.

पावलं झोपडीपासून ओढ्याच्या कडेनं वर गेली आहेत. पाणी आणायला गेला असेल किंवा हिला शोधायला. पाऊल ताजं आहे, कडा अजून ढासळलेल्या नाहीत. उदिंगनं एकदा हाक मारली. आम्ही पेनान रानात मारतो तशी लांब हाक, नाव न घेता. वरून काहीतरी आवाज आला. केबिंगच्या मते माणसाचा असावा. पण त्या वेळी गिबन वानरही ओरडत होते, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

“आता ती काय करतेय?” वनरक्षकानं विचारलं.

“बसलीय. नव्या पानांवर. चुलीत लाकडं घातलीत.”

“खाल्लं का काही?”

“नाही. तो आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणते. मलाही लावू देत नाही.” वायरलेस थोडा खरखरला. “डुकराचा वास येतोय इथं, एवढं मावशीला सांगा.”

मावशीनं ते ऐकलं. काय झालं ते वनरक्षकानं मार्गिटला सांगितलं. मार्गिटनं विचारलं, दुसऱ्या पुलाजवळची काठी आता काढून टाकणार का?

“नाही,” मावशी म्हणाली. “ती आता त्या दोघांची. येताना तेच काढतील.”

दुपारच्या बोटीनं मार्गिट गेली. त्यानंतर वरच्या खोऱ्यात ढग उतरले आणि वायरलेस लागेनासा झाला. शेवटचा निरोप त्याआधीचा आहे. उदिंग अजून जेवलेली नाही, चूल पेटलेली आहे आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी लाकूड तोडतंय, असं केबिंगला ऐकू आलं आहे. काठी पुलापाशी उभी आहे.